गाढवांचा शुक्रवार

...आणि दंड! मला! शाळा चालू असताना पोरीला आठवडाभर सुट्टीवर नेलं म्हणून! अहो, खोटं बोललो असतो तर एक पेनी लागली नसती, खरं बोललो म्हणून दंड, आणि तोही एक नाही, दोन! आई-बाप दोघांना वेगवेगळा! माझी बायको बेथ तर सुट्टीवर गेलीसुद्धा नव्हती. ती वृद्धाश्रमात कामाला. म्हणाली, "डेक्लन, मी इकडं म्हाताऱ्यांना अंघोळी घालत होते, सुट्टी तुम्ही बापलेकीनं केलीत, आणि मला कसला दंड?"

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. मी आपला दिवसभर गाढवांशी बोलतो. आमच्या गावच्या चौपाटीवर पोरांना गाढवांवरून फिरवायचं, हेच माझं काम. शाळेत माझं कधी जमलं नाही, शाळा पुरी व्हायच्या आतच सुटलो आणि मालकांच्या, आर्थर म्हाताऱ्यांच्या, गाढवांमागं लागलो. आणि आमच्या गाढवांना, ऐका हं, शुक्रवारी सुट्टी असते! नगरपालिकेचा नियम! दुपारी जेवायला तासभर वेगळा. मला जेवायला वेळ मिळो न मिळो, बिस्किटला मिळालाच पाहिजे. बिस्किट म्हणजे आमचं रांगेत सगळ्यांत पुढं चालणारं गाढव.

तर आता सांगा, मी पोरीला घेऊन सुट्टीवर जायचं कधी? ईस्टर लागला की अख्खा देश सुट्टी घेऊन आमच्या दारात. शाळा बंद झाल्या की माझं काम सुरू! ऑगस्टमध्ये तर मान वर करायला फुरसत नाही. टिली सात वर्षांची झाली, आणि बापाबरोबर एक दिवस कुठं बाहेरगावी गेलेली नाही. एकदा विचारलं, "टिले, तुला कुठं जायचंय गं?" म्हणते, "समुद्रावर."

"अगं, समुद्रावर? खिडकी उघड, समुद्रच आहे!"

म्हणते, "त्या समुद्रावर तू कामाला असतोस, बाबा."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसलो!

ठरवलं, मार्चमध्ये जायचं. हंगाम सुरू व्हायचा, गाढवं अजून कुरणात, मी मोकळा, वेल्समधलं समुद्राकाठचं चाकांवरचं घर निम्म्या भाड्यात. शाळा चालू, पण एकच आठवडा! शेजारचा गॅरी म्हणाला, "शाळेत फोन करायचा, दोनदा खोकायचं, पोरगी ओकतेय म्हणायचं. सगळा गाव तेच करतो!" आणि खरंच करतो हो! आमच्या गावात दर मार्चला अशी ओकाऱ्यांची साथ येते, की बरी होऊन आलेली पोरं उन्हानं रापलेली असतात!

मला नाही जमत. मी फोनवर खोकलो तर बिस्किटसुद्धा ओळखेल की हा खोटं खोकतोय. आणि शेजारी टिली उभी! तिच्यासमोर तिच्याच ओकाऱ्यांचं वर्णन करू? गेलो शाळेत. मुख्याध्यापिका मिसेस थ्रेलफॉल. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं मला, गुडघे कानाला लागले. पण सगळं खरं सांगितलं. म्हटलं, "बाई, एकच आठवडा. मुलीसाठी."

त्या गोड आवाजात म्हणतात, "मला समजतंय हो, पण नियम म्हणजे नियम. अपवाद करायचा तर कारण तसंच असाधारण लागतं."

म्हटलं, "बाई, आमच्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते. याच नगरपालिकेनं दिलीय."

"त्याचा इथं काय संबंध?"

आता यांना संबंध मी समजावायचा? मी शाळा सोडलेला माणूस!

गेलो आम्ही. गेलोच! पाऊस असा, की वाळूचा किल्ला बांधेपर्यंत त्याचा चिखल. दोघं कोट घालून बसलोय, दात कडाकडा वाजतायत, चिप्सवर पाऊस पडतोय, आणि टिली माझा हात धरून म्हणते, "बाबा, आज तुला कुणीच हाक मारत नाहीये." बस्स. करा म्हटलं किती दंड करायचा तो!

आणि केला नगरपालिकेनं. मी म्हटलं, भरणार नाही! कोर्टात उभा राहीन, बिस्किटला साक्षीला आणीन! दंडाचे कागद खिशात घालून हिंडत होतो. तेवढ्यात चौपाटीवर कोण यावं? मिसेस थ्रेलफॉल! बुटांत वाळू शिरतेय, एका पायावर उड्या मारतायत. म्हणतात, "डेक्लन, ज्यांनी वर्षभर एकही दिवस शाळा बुडवली नाही, त्या मुलांना आम्ही बक्षीस देतोय. गाढवावरून फेरी!"

घ्या! बक्षीस काय, तर माझीच गाढवं!

"कधी?" म्हटलं.

"येत्या शुक्रवारी."

अहाहा! तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका हळू मी कधी बोललो नसेन. म्हटलं, "बाई... आमच्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते."

"अहो, एकच दिवस. मुलांसाठी."

"मला समजतंय हो. पण नियम म्हणजे नियम."

बाईंचा चेहरा! बिस्किटनं मान वळवून पाहिलं, देवाशपथ! मग बाई स्वतःशीच हसल्या थोड्या. म्हणाल्या, "तुम्ही नुसतं टिली आजारी आहे म्हणाला असतात ना, डेक्लन..." आणि गेल्या.

पण गरिबाचा विजय टिकतो किती? मालकांनी गुरुवार देऊन टाकला. अख्ख्या शाळेतून पाच-सहा पोरं आली. बाकी सगळी कधी ना कधी ओकली होती ना! त्यातला एक, ज्यानं जन्मात शाळा चुकवली नाही, तो गाढव बघून असा रडला की मला त्यालाच कडेवर घेऊन फिरावं लागलं. आणि टिली वर्गात. संध्याकाळी विचारते, "म्हणजे आज पण तू कामालाच होतास?" मग म्हणाली, "पुढच्या मार्चला परत जायचं?" म्हटलं, "जायचं! आणि शाळेत खरंच सांगून जायचं!"

कोर्टाचं म्हणता? बेथनं एका वाक्यात गार केलं. "कोर्टाचा शिक्का बसला तरी तुझ्या गाढवांना काही फरक पडत नाही, पण मला वृद्धाश्रमात कामावर नाव स्वच्छ लागतं." मग काय, भरला. तिचाही, माझाही.

कधी? शुक्रवारीच की. गाढवांना सुट्टी असते ना, तेवढाच वेळ मिळतो मला.