पूर्व जर्मनीला गेलेला फराळाचा डबा

वसंतराव, मीनल, इल्झ आणि मंडळातल्या सगळ्यांनो, एरवी या हॉलमध्ये मला गप्प बसवायला दोन माणसं लागतात. आज उभं राहायलाच वेळ लागला. हातात कागद नाही. लिहून काढायला बसले होते, जमलं नाही. जसं येईल तसं बोलते, सांभाळून घ्या.

गेल्या मंगळवारी सकाळी रेणूचा फोन आला. "सुमन, तुझ्याकडे मेथी आहे का गं?" मी म्हटलं, आहे, संध्याकाळी आणून देते. दुपारी वसंतरावांचा फोन. "रेणू गेली." मी कार्डिफच्या हॉस्पिटलात बत्तीस वर्षं पेशंटना भूल दिली. माणूस कसा जातो हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी त्यांना विचारलं, "कुठे गेली?" वसंतराव, माफ करा. मला खरंच कळलं नाही.

इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगते. तुमची रेणूवहिनी, रेणूआजी, म्हणजे रेनाटे. बर्लिनची. युद्ध संपलं, जिंकलेल्यांचंच आपसात फाटलं. अमेरिका एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये अख्खा युरोप वाटून घेतलेला. बर्लिन तर एकच शहर, त्याचेही दोन भाग. रेणूचं घर पूर्वेला. एकोणिसाव्या वर्षी ती नर्सिंग शिकायला पश्चिमेला गेली. घरापासून ट्रेनने अर्धा तास. एका रविवारी सकाळी उठली तर मध्ये काटेरी तारा. मग भिंत. तिकडे आई आणि दहा वर्षांची धाकटी बहीण. ती बहीण आज पुढच्या रांगेत बसलीय, ही इल्झ. अर्ध्या तासाच्या अंतरावरची आई, आणि आईला भेटायला सरकारची परवानगी! कोणाच्या डोक्यातून निघतं हे?

रेणू पुढे इथे कार्डिफला आली, वसंतरावांशी लग्न केलं, मराठी शिकली. नुसती बोलायला नाही. मंडळाचं इतिवृत्त दहा वर्षं तिने वाचून दाखवलं, याच माइकवरून. आमच्या सेक्रेटरीचं गिचमिड अक्षर आम्हाला लागायचं नाही, तिला लागायचं. हे लक्षात ठेवा.

दिवाळीचा फराळ आम्ही चौघी-पाचजणी मिळून करायचो. एका वर्षी मीच म्हटलं, "तुझ्या बहिणीलाही पाठवू या की!" रेणू म्हणाली, "नको गं, तिकडे पार्सल फोडून बघतात." मी म्हटलं, "बघू देत, चकलीत काय बॉम्ब आहे?" ही मी. ऐकते कोणाचं?

आपल्याकडे डबा घराबाहेर पडला की आत चिठ्ठी जाते. किती नग, काय काय. मी सवयीने लिहिली. रेणूला न सांगता झाकणाखाली ठेवली. च. चोवीस. क. अठरा. अ. बारा. आणि खाली, "डबा रिकामा परत पाठवणे." घरी लिहावं तसं, मराठीत! पूर्व जर्मनीला!

डबा परत आला नाही. त्या हिवाळ्यात रेणूची आई आजारी पडली. रेणूने व्हिसा मागितला, तो रिफ्यूज झाला. आई गेली. रेणू इथेच. आणि मी काय करत होते? मी तिला विचारत होते, "रेणू, आमचा डबा आला का गं?" एकदा नाही, तीन-चारदा विचारलं. शेवटी तिने बर्मिंगहॅमहून नवा स्टीलचा डबा आणून माझ्या हातात ठेवला. मी घेतला. वर म्हटलं, झाकण जरा सैल आहे.

मीनल, तू इल्झच्या कानात इंग्रजीत सांगतेयस ना? सांगत राहा.

परवा, फ्यूनरलनंतर, वसंतरावांच्या घरी आम्ही चहा घेत होतो. इल्झने पर्समधून एक कागद काढला. भिंत पडल्यावर तिकडच्या गुप्त पोलिसांच्या फायली लोकांना बघायला मिळाल्या, त्यातली झेरॉक्स. ती मला म्हणाली, या कागदासाठी तिला तीन दिवस बसवून ठेवलं होतं. हे नंबर कसले? ही अक्षरं कसली? बारा काय, अठरा काय? तिला काय माहीत! तिची शाळेतली नोकरी गेली. पुढे भिंत पडेपर्यंत ती लाँड्रीत चादरी धूत होती. आणि घरातल्या कोणालाच बाहेरून भेटायला येऊ द्यायचं नाही असा शेरा पडला. म्हणून रेणूला व्हिसा मिळाला नाही.

इल्झ म्हणाली, "मी हा कागद रेनाटेला पाठवला होता. ती म्हणाली, अक्षर लागत नाही. तुला लागतं का?"

मला लागलं. माझंच होतं.

मी तिला वाचून दाखवलं. चकल्या, करंज्या, अनारसे. इल्झ हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग तिने विचारलं, "हे लिहिलं कोणी?" आणि मी, एवढ्या मोठ्या तोंडाची बाई, म्हणाले, "आय डोन्ट नो."

रेणूला अक्षर लागत नव्हतं? माझं? अहो, माझ्या चिठ्ठ्या वाचून ती चाळीस माणसांचा स्वयंपाक करायची. तिने पहिल्या नजरेत ओळखलं असणार. आणि सख्ख्या बहिणीशी खोटं बोलली. माझ्यासाठी. त्यानंतर दर आठवड्याला माझ्याकडे चहाला आली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मंगळवारी माझ्याकडे मेथी मागितली. एक अक्षर बोलली नाही. परवापासून मला झोप नाही. मला तिचा राग येतोय. का नाही भांडलीस माझ्याशी? भांडायला हवं होतंस गं.

मीनल, थांबलीस का? सांग ना तिला.

नको. राहू दे. हे मीच सांगायला हवं.

इल्झ, इट वॉज मी. आय रोट दॅट पेपर. रेनाटे न्यू इट. आय ॲम सॉरी.

इल्झ, तू आत्ता काही म्हणू नकोस. म्हणायचंच नसेल तरी मला समजेल. वसंतराव, तुमच्यापुढेही मी हात जोडते.

आता सगळ्यांनी उभं राहू या. ज्यांना गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बसूनच. एक मिनिट शांत राहू या. रेणूसाठी, आणि जिच्या अंत्यदर्शनाला लेकीला जाता आलं नाही त्या तिच्या आईसाठी.

रेणू, मी सांगितलं गं.