तलावातल्या सुनेचा शेवट

…नाही, पण मी म्हणतो, काही टाइम असते का जी माणसाले विचारायचा? रविवारची सकाळ, मी आपला दुकानात पितळी घागर पुसून राहिलो, तेवढ्यात खिशात फोन वाजला, टुंग! कोण, तं आमची सून हर्षा. एका घरात राहतो, एका पातेल्यातला चहा पितो, पण मले विचारणार कुठून? तं ग्रुपवरून! "नमस्कार मंडळी, सध्या काय वाचून राहिले?" तुमाले सांगतो, या एका प्रश्नानं माझ्या डोक्याचा भुगा करून टाकला.

ग्रुप कशाचा ते सांगतो. भुताखेताच्या पुस्तकाचा. भंडाऱ्याचे, साकोलीचे, एक तं पार आंबागडचा, सारे भुतं वाचणारे. हर्षानंच काढला अन् मले त्यात बसवलं, म्हणे बाबा, तुम्ही सर्वात जुने वाचक. जुना म्हणजे काय, आता मीच भूत व्हायच्या वयाचा आहो. अन् हे पोट्टे काय काय वाचतात बाप्पा! एक म्हणते, मी कानानं वाचून राहिलो. कानानं! म्हणजे फोन वाचून दाखवते अन् हा ऐकते. दुसरा म्हणते, मी परदेशातल्या दलदलीतलं भूत वाचून राहिलो, स्लो आहे पण डिस्टर्बिंग आहे, साडेतीन स्टार. आता भुताले कोणी स्टार देते का जी? आमच्या टाइमले भुताचं एकच माप होतं, वाचल्यावर एकट्यानं आंगणात जाता येते का नाही. येत असन तं पुस्तक बेकार.

अन् पुस्तक तरी कुठं मिळे आमाले? बसस्टँडवरच्या टपरीत कधीमधी भुताची कादंबरी येई, तीही एकच, अन् आम्ही पाच-सहा जण टपलेले. एकाचं वाचून होईपर्यंत बाकीच्यानं का उपाशी राहायचं? तं त्याच्यावर केशवभाऊनं तोड काढली. केशवभाऊ म्हणजे आमचा दोस्त, जातिवंत विणकर, करवतीकाठी पातळं विणे. त्यानं काय करावं, आलेल्या पुस्तकाचे सरळ तीन तुकडे. पहिला, मधला अन् शेवटचा. अन् पानं सुटू नये म्हणून मागावरचं उरलंसुरलं सूत घेऊन एकेक तुकडा शिवून काढे. एका पुस्तकाच्या तिन्ही तुकड्याले एकच रंग. पहिला तुकडा लाल सुताचा नेला असन, तं परत देऊन लालच सुताचा मधला न्यायचा. अन् शेवटचा? तो घरी न्यायचाच नाही. तो तिथं, मागाजवळ बसून वाचायचा, हा नियम. केशवभाऊ मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकत राही, खटाक खट, खटाक खट, अन् मी शेवट वाचत राहो. माझं वाचून झालं की तो माग थांबवे अन् माझ्या तोंडाकडे पाहे, किती भेला म्हणून. काय दिवस होते जी ते. मले अजून त्या सुताले लावलेल्या खळीचा वास येते.

बरं, हर्षा विचारून राहिली, सध्या काय वाचून राहिले? मी म्हटलं, सध्याचं जाऊ द्या, मी सांगतो ते वाचा, अन् टाकलं ग्रुपवर: "तलावातली सून". गोष्ट अशी की वसंता नावाचा नवरदेव, त्याच्या घरामागं तलाव, अन् दिवेलागणीले त्या तलावातून पांढऱ्या लुगड्यातली एक सून निघते, ओल्या पायानं चुलीपर्यंत येते अन् परत जाते. हे झाले पहिले दोन तुकडे. अन् शेवट? शेवटात सूनच नाही! तलाव नाही! वसंताही नाही! एक स्टेशनमास्तर येते, ज्याचं मागं कुठं नावही नाही. तो दत्तोबा नावाच्या माणसाच्या दारात उभा राहते अन् म्हणते, मी पोहोचलो, आता तुम्ही निघा. संपलं पुस्तक! माझ्या आंगावर अजून काटा येते.

तुम्ही म्हणसान, हे काय? मीही म्हटलं होतं ना जी. पानाचे आकडे उड्या मारून राहिले होते, तं म्हटलं छापखान्याची चूक असन. वसंताचा दत्तोबा झाला, तं म्हटलं झपाटला बिचारा. पण सून कुठं गेली? तं केशवभाऊ कसा आवाज खाली घेऊन बोलला, "खेमराज, जे दिसे ते आता दिसत नाही, मंग ते कुठं असन?" बस, मी तिथंच खलास. त्या एका शेवटावर आम्ही किती वर्षं काढली! स्टेशनमास्तर म्हणजे यम का? का वसंताचा मेलेला बाप? का सूनच? लोकं शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, आम्ही स्टेशनमास्तरवरून भांडलो, चार-चार दिवस बोललो नाही. बाकीचे वाचणारे हळूहळू गेले, कोणी नागपूरले, कोणी वर. केशवभाऊची नजर गेल्यातच जमा आहे, माग बंद पडला. पण माझा रविवार चुकला नाही. दुपारून त्याच्याकडे जायचं, चहा घ्यायचा अन् स्टेशनमास्तर काढायचा. त्याले वाट पाहायले तेवढंच उरलं अन् खरं सांगतो, मलेही.

आता हर्षाले हा शेवट इतका आवडला की तिनं बैठकच ठरवली. म्हणे सारा ग्रुप प्रत्यक्ष भेटू, केशवकाकाच्या तोंडून शेवट ऐकू. केशवभाऊ असा खूश झाला, त्यानं धोतर इस्त्रीले दिलं! अन् दुसऱ्याच दिवशी फोन पुन्हा टुंग. साकोलीची तेजस्विनी. मोठी चिकट वाचणारी आहे ती. तिनं नागपूरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून "तलावातली सून" पैदा केली, अख्खी, न कापलेली. अन् लिहिते काय? "काका, याच्यात स्टेशनमास्तर कुठंच नाही. शेवटी समजते की ती सून म्हणजे वसंताचा मामा. वसंताले भेववून शेती लाटायसाठी लुगडं नेसून येत होता. पोलीस त्याले पकडून नेतात. बैठकीले पुस्तक घेऊन येते, आपण पाहू."

मामा! तुमाले सांगतो, माझी पाचावर धारण बसली. इतकी वर्षं आम्ही ज्याच्यावर जीव जाळला, ते का लुगडं नेसलेला मामा? अन् माझं जाऊ द्या, मी दुकानदार माणूस, दिवसातून चारदा तोंडघशी पडतो. पण तो म्हातारा इस्त्रीचं धोतर नेसून चारचौघात शेवट सांगन, अन् ही पोट्टी पुस्तक उघडून दाखवन, मंग? मंग त्याच्यापाशी उरलं काय? अन् पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे जाऊन बोलू कशावर, मामावर? रविवारची वाट न पाहता तसाच निघालो. म्हटलं, कळायचंच असन तं माझ्या तोंडून कळू दे.

केशवभाऊ बंद मागाजवळ बसला होता. मी पाणीही न घेता सारं ओकून टाकलं. तेजस्विनी, अख्खं पुस्तक, सून भूत नाही, स्टेशनमास्तर नाही; फक्त मामाचं नाव काढायची हिंमत झाली नाही. तो हललाही नाही. म्हणे,

"मामा निघाला ना?"

मंग तो सावकाश सांगत गेला. त्या साली म्हणे दिवाळीले हिरव्या काठाचीच मागणी होती, घरात दुसऱ्या रंगाचं सूतच नव्हतं. दोन पुस्तकं आली अन् दोन्ही हिरव्यातच शिवल्या गेली. दुसऱ्याचा शेवट माझ्या हाती पडला. त्याच्या ध्यानात कधी आलं? मी वाचून झाल्यावर, त्याच मिनिटाले.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी म्हटलं.

"तू इतका भेला होता का तुले घरापर्यंत पोहोचवायले मी आलो होतो. आठवते? त्या मामासाठी तुझं भेव कायले घालवू?"

अन् एवढ्यावर थांबला असता तं ठीक होतं. म्हणे, ते पाहून मंग सवयच लागली. जो शेवट त्याले पटला नाही, तिथं दुसऱ्या पुस्तकाचा लावून द्यायचा, सूत तेच. वाड्याच्या भुताचा शेवट जंगलाच्या भुताले, जंगलाचा पोस्टमनच्या भुताले. म्हणजे पाहा ना जी, उभ्या जन्मात मले जे जे शेवट आवडले, ज्याच्यासाठी मी जेवण टाकून धावत गेलो, ते लिहिणाऱ्यानं लिहिलेच नव्हते! राग आला का? आला ना. भल्ला आला. पण तो राग घेऊन जाऊ कोणाकडे? गाऱ्हाणं सांगायले माझा माणूस तोच एक. मंग म्हटलं, चहा ठेवायले सांग.

बैठकीले तेजस्विनी पुस्तक मांडीवर घेऊनच बसली. मी तिले डोळ्यानं खुणा करून राहिलो, ती आपली पुस्तकच चाळून राहिली. तेवढ्यात केशवभाऊच बोलला, "पोरी, तुझा छापलेला आहे, माझा शिवलेला. कोणता सांगू?" मंग तिनं पुस्तक मिटलं अन् पिशवीत ठेवलं. म्हणे, शिवलेला. अन् काय सांगितला जी त्यानं! त्या कानानं वाचणाऱ्यानं फोन उलटा ठेवला. हर्षा उठून खिडकीजवळून इकडे माझ्याजवळ येऊन बसली. मले इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, का विचारू नका.

इथंच संपायले पाहिजे होतं. पण नाही. पुढच्या रविवारी ग्रुपवर पुन्हा तेच, सध्या काय वाचून राहिले? अन् उत्तरं पाहा: दलदलीतलं भूत अर्ध्याच्या वर झालं, थांबलो, शेवटाले केशवकाकाकडे चाललो. दुसरा, मीही. तिसरी, मीही, साकोलीहून निघाली, बसमध्ये आहे. मी आपल्या वेळेवर पोहोचलो तं दारात ही चपलांची रास! आत पाय ठेवायले जागा नाही, मागाजवळच्या माझ्या जागेवर तेजस्विनी. केशवभाऊले माझ्या पावलाच्या आवाजावरून समजलं. म्हणे, "कोण, खेमराज का? बस ना कुठंतरी."

कुठंतरी! तुमाले सांगतो, तवापासून मी बाहेर पायरीवर बसतो. अन् ऐन शेवट आला की हे पोट्टे आतून दार लावून घेतात, म्हणे बाहेरचा उजेड आला का भेव लागत नाही. मले काही म्हणता काही ऐकू येत नाही. मंग काय करता? बसल्या बसल्या माझ्याच मनानं एखादा शेवट लावून घेतो, अन् घरी येतो.