हमीदाची बुटकी कोंबडी

चहा घ्या बाई, पण पिल्लू कोंबडा हाय का कोंबडी, हे मले आता इचारू नका. पह्यले सारी गल्ली माह्याकडेच पिल्लं दाखवाले आणे.

शेजारची हमीदा आजारी पडली. अकोल्याच्या दवाखान्यात निघाली तवा बुटक्या जातीची दोन पिल्लं माह्या ओटीत टाकून म्हणे, "शांता, इनकी नसल चलती रखना," म्हंजे यायचा वंश चालू ठेव. थे काही परत आली नाही.

पिल्लं मोठी झाली. एकाचा तुरा लालभडक झाला, दुसरं फिकट अन् मुकं. जावाई आले त्या दिवशी म्या म्हटलं, "लाल तुऱ्याचा कोंबडा कापा, कोंबडी ठेवा. नसल तिच्यानंच चालन."

सून म्हणे, "आई, कोंबडी अंड्यावर आली तरी तुरा लाल होते ना? आठ दिवस थांबा."

"तू मले शिकवतं काय वं?"

कापल्यावर सुनेनं मले आत बोलावलं. पोटात पिवळ्या बलकांची माळ होती, अन् एक अंडं कवचासकट तयार. 

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदाच्या बंद दारापुढं माह्या त्या मुक्या कोंबडीनं बांग देली.