पोरांच्या हातून वाचलेली पुस्तकं

पोरं वाचत नाहीत म्हणून गळा काढणाऱ्यांनीच कपाटांच्या किल्ल्या खिशात ठेवल्यात. परवाचंच सांगतो. आमच्या गावच्या शाळेत सातवीतली प्रतीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी गोष्टींचं पुस्तक मागायला गेली. तिची बाजू मांडायला मीही गेलतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "सुट्टीत न्हाई मिळणार. पोरं फाडतात."

"सर, एक तरी द्या. जबाबदारी माझी," मी म्हणालो.

त्यांनी कपाट उघडून दाखवलं. सगळी पुस्तकं कोरी करकरीत. "बघा, पोरांच्या हातून वाचली म्हणून अशी नवी हायत!" असं म्हणून त्यांनी पुन्हा कुलूप लावलं.

प्रतीक्षा रडकुंडीला आली. तिला न्यायला आलेली आत्या दारातूनच म्हणाली, "पुस्तकं वाचली, लई चांगलं झालं सर. आता आमची पोरगी कवा वाचायची?"