ए बॅचच्या सगळ्यांच्या रॅकेटला सत्तावीस पौंड कशासाठी?

रविवार, अकरा जानेवारी दोन हजार चार, संध्याकाळचे साडेपाच. ही वेळ आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला "आम्हाला आठवत नाही" म्हणायची सोय राहणार नाही.

आता रीतीप्रमाणे. आजच्या समारंभाचे आणि आपल्या बॅडमिंटन मंडळाचेही अध्यक्ष श्री. व्यंकटराव, व्यासपीठावरचे आपले प्रशिक्षक श्री. आदर्श सर, कार्यकारिणीचे सन्माननीय सभासद, पालक, महिला विभागातल्या माझ्या मैत्रिणी आणि मागे सतरंजीवर चुळबुळ करणारी मुलं, सर्वांना माझा नमस्कार. परवा मी लातूर सोडून नांदेडला मुलाकडे राहायला जाणार, म्हणून तुम्ही हा निरोप योजलात. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्रात माझा स्वभाव मृदू असल्याचं लिहिलंत. ज्यानं लिहिलं त्यानं मला कधी पाहिलेलं दिसत नाही. गोड बोलणाऱ्यांची भाषणं झाली. आता माझं.

अकरा तारखेला साडेपाचला याच हॉलमध्ये काय झालं? आदर्श सरांनी कात्री घेतली आणि विशाखाच्या रॅकेटची चांगली, धडधाकट जाळी कापून टाकली. बारा वर्षांची मुलगी. आदल्या दिवशीच ती 'बी'मधून 'ए' बॅचमध्ये आली होती. घरच्यांनी जाळी एकवीस पौंडांवर विणून आणली होती. पण या मंडळाचा नियम काय? तो पाहा, भिंतीवर रंगवलाय: ए बॅच सत्तावीस, बी बॅच चोवीस, सी बॅच एकवीस. झालं, लगेच मशीनवर नवी तार ओढून सत्तावीस केली.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गटिंग करताना, म्हणजे रॅकेटची जाळी विणताना, तार किती ताणली ते पौंडांत मोजतात. जरा ढिली जाळी फुलाला, म्हणजे शटलला, स्वतः उसळी देते, कोवळ्या हाताचं फूलही पलीकडे पोचतं. कडक जाळी ती मदत करत नाही. सगळा जोर मनगटातून आणावा लागतो आणि फूल मधोमध लागलं नाही की दणका थेट कोपरात जातो. आदर्श सर सत्तावीसवर खेळतात आणि सुंदर खेळतात. त्यांचं मनगट पाहा आणि त्या पोरीचं पाहा! शिवाय त्या रॅकेटवर कंपनीने स्वच्छ छापलंय, वीस ते चोवीस पौंड. सिकंदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर रोज बजावायच्या, आधी वाचा, मग हात लावा. शिकवण्यांसाठी लांबून मुलं येतात अशा या गावात छापलेली एक ओळ कोणाला वाचता येऊ नये?

पण वाचणार कोण? इथे पौंडांचे मार्क झालेत. परवा पाण्याच्या माठापाशी दोघांचं बोलणं ऐकलं. "तुझे किती?" "सत्तावीस." "खोटं बोलून राहिलास, दाखव!" मी तक्रार घेऊन व्यंकटरावांकडे गेले, त्यांचा नातूही इथेच खेळतो, तर ते काय म्हणाले? "इराताई, नातवाला डॉक्टर करायचंय अन् पौंड चोवीस? सोयरे हसतील की!" मी म्हटलं, "मग त्याला तापही एकशेपाच येऊ द्या, आकडा मोठा आहे." ते हसले. आत्ताही हसतायत. मी तेव्हाही हसले नव्हते, व्यंकटराव.

आठवड्याच्या आत विशाखाची आई माझ्या दारात. पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, उगाच घाबरणारी बाई नव्हे. म्हणाली, "ताई, पोरीचा हात वर जाईना गेलाय. वेणीसुद्धा मीच घालायलेय. सरला बोलले, तर म्हणले, पौंड कमी करायचे तर बी बॅचला पाठवा. अन् बी मधून निवडच न्हाई म्हणं!"

तसंच केलंत तुम्ही, पोरीला बी बॅचला धाडलंत. हाडांच्या डॉक्टरांनी कोपर सुजलंय म्हणून विश्रांती दिली. ती संपल्यावर विशाखा माझी एकवीस पौंडांची रॅकेट घेऊन उतरली आणि तुमच्या ए बॅचच्या तीन मुलींना हरवून गेली. तरी नाव बी बॅचमध्येच. येत्या रविवारी, आठ फेब्रुवारीला, जिल्हा संघाची निवड आहे आणि मंडळ फक्त ए बॅचची नावं पाठवतं. कात्री सरांची, दुखणं पोरीचं आणि शिक्षाही पोरीलाच?

विशाखा, आईच्या मागे लपू नकोस. हात वर कर पाहू. अजून वर. दुखतो का गं? "न्हाई" म्हणतेय. एकवीसवर दुखत नाही, ऐकलंत ना, सर?

काय म्हणालात? शिस्त? वेळेवर येणं ही शिस्त, हरल्यावर हात मिळवणं ही शिस्त. सगळ्या मुलांच्या पायांत एकाच मापाचे बूट कोंबणं याला मी शिस्त म्हणणार नाही.

नव्या सभासदांना माहीत नसेल, भूकंपानंतर या हॉलमध्ये मदतीच्या ब्लँकेटचे गठ्ठे रचलेले होते. ते हलल्यावर आम्ही बायकांनी हे कोर्ट धुतलं. मुलं छताखाली यायलाही घाबरायची. खेळता खेळता वर बघायचं विसरायला लागली, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. मुलांची भीती जावी म्हणून उघडलेल्या हॉलमध्ये गेल्या महिन्यात एक मुलगी दुखतंय हे सांगायला घाबरली. याची लाज कोणाला वाटते का?

माझं म्हणणं थोडक्यात. भिंतीवरचा तो नियम पुसा. ताण रॅकेटवर छापलाय त्याच्या वर जाणार नाही आणि मुलाच्या हाताला झेपेल तेवढाच राहील, असा ठराव करा. आणि विशाखाचं नाव तिच्या एकवीस पौंडांसकट निवडीला पाठवा. "बघू, करू" मला चालणार नाही. कार्यकारिणीचं लेखी उत्तर, अध्यक्षांच्या सहीनिशी, शुक्रवारी सहा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मला हवं.

आपण सन्मान केलात, इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर वयाकडे पाहून क्षमा करावी. मुद्द्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

आणि हो, उत्तर नांदेडच्या पत्त्यावर पाठवू नका. परवाचं तिकीट मी सकाळीच रद्द केलंय. निरोप तुम्ही दिलात, मी अजून घेतलेला नाही.