दोन केबलची एक

पूर्वी एक्स-रेचा भलामोठा लिफाफा छातीशी धरून आम्ही डॉक्टरांकडे बसायचो. परवा मात्र शेजारी एक निवृत्त लाइनमन नुसती काठी घेऊन बसले होते. सोबत त्यांची लेक होती. त्या दवाखान्याचं नेटवर्क तिनेच नव्याने बसवलं होतं.

“दोन केबलची एक केलीस म्हणे. तुंबली म्हणजे?”

“तुंबू दे की. आत रांगा वेगळ्या आहेत, बाबा. साठवलेल्या एक्स-रेच्या फोटोंची एक, बाकीच्या कामांची दुसरी.”

“आणि गर्दी झाली की?”

“साधा निरोप गळला तर पुन्हा पाठवता येतो. फोटोचा तुकडा गळून चालत नाही. त्याला जरा थांबवतात, पण टाकून देत नाहीत. शिवाय त्याचा वाटा राखून ठेवलेला असतो.”

“बोलायला काय जातंय! मागच्या खेपेला फोटो उघडलाच नाही, म्हणून माझं ऑपरेशन लांबलं.”

“तेव्हा केबल माझी नव्हती.”

“अगं बाई, केवढा तोरा!”

“लाइनमनची लेक आहे.”

डॉक्टरांनी दार उघडलं.

“आजोबा, या आत. जुने-नवे सगळे फोटो आलेत. गुडघ्याचं उद्याच करून टाकू.”

ते काठी टेकत उठले, दोन पावलं गेले आणि माझ्याकडे वळले.

“तुमचेही फोटो यायचे असतील ना, बाई? निर्धास्त बसा. लाइन आमच्या घरची आहे.”