दाराशी ठेवलेली पत्रावळ

(हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीकडे चढणारी पायवाट. निवृत्त गुरुजी गंगाधर आणि त्यांची मुलगी पद्मजा, गावच्या शाळेतील शिक्षिका, चढत आहेत.)

गंगाधर : ज्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही, त्याच्याच माथी सर्वांनी नाकारलेली भूमिका मारावी आणि वर त्याला शिक्षण म्हणावे, हा अधर्म आहे, पद्मजा. आणि तो आपण दोघांनी मिळून केला.

पद्मजा : तुम्ही नाटुकले लिहून दिलेत, बाबा. वर्ग माझा. पात्रे मी वाटली.

गंगाधर : वाटताना मनात काय होते?

पद्मजा : नेपाळ, भूतान, श्रीलंका सगळ्यांना हवे होते. मालदीवसाठी तर दोघी रडल्या. पाकिस्तानचे नाव काढले की दुसऱ्या दिवशी आईवडील शाळेत हजर. म्हणून प्रगतीला दिले. तिची आजी शाळेची पायरी चढत नाही, हे मला ठाऊक होते.

गंगाधर : मला वाटले होते, शेजारी देश म्हणजे काय ते मुलांना इर्जिकेवरून कळेल. एकाचे शेत, सगळ्यांची औते, आणि काम झाले की सगळ्यांची एकच पंगत. बांधावरून भांडण असलेलासुद्धा औत घेऊन आला, तर त्याला पंगतीतून उठवत नाहीत. ते वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवले होते.

पद्मजा : ते वाक्य आलेच नाही. त्याआधीच पंगतीत विराज तिच्या शेजारून उठला, मग बाकीची मुले उठली. समोर हशा पिकला. कोणी शिट्टी मारली. आणि मी...

गंगाधर : बोल.

पद्मजा : कार्यक्रम बिघडू नये म्हणून तिची पत्रावळ उचलून मीच दाराशी ठेवली, बाबा. या हातांनी. ती निमूट तिथे जाऊन बसली.

गंगाधर : मी पाहुण्यांच्या शेजारी बसलो होतो. ते कानाशी म्हणाले, "झकास बसवलंय." जन्मभर मुलांकडून सुभाषिते पाठ करून घेतली, आणि त्या क्षणी मी मान डोलावली.

पद्मजा : हळू बोला. दारात भागूबाई आहेत. प्रगतीची आजी.

भागूबाई : या गुरुजी, या बाई. येवढं चढून आलात? एसटी तर पार खाली थांबती. बसा, घोंगडं टाकते.

पद्मजा : राहू द्या, आजी. नाटकानंतर प्रगती शाळेत आली नाही.

भागूबाई : करडांमागं हिंडती. म्हनती, आता शाळा न्हाई.

पद्मजा : चूक माझी आहे. क्षमा मागायला आलो आहोत.

भागूबाई : तुमी कशापायी? म्या बी हसले की, बाई. पयल्यांदा शाळेत आलते. समदी हसली म्हनून म्या बी हसले. वाटलं, नाटकात तसंच असंल. पोरीनं माज्याकडं बघितलं, तवा मी दात काढून बसलेली. घरी आल्यावर इचारती, "आज्जे, तू बी?" काय सांगू तिला?

गंगाधर : भागूबाई, तुमच्यापुढे मान वर करवत नाही.

भागूबाई : तुमची न्हाई, माजी न्हाई. मंग वर बघायचं कुनी? प्रगे, भाईर ये. बाई आल्यात.

पद्मजा : प्रगती, आपण नाटक पुन्हा करू या. या वेळी तू भूतान हो.

प्रगती : भूतान शेफालीकडं हाय. तिनं टोपी शिवून घेतलीया. तिचं काढून मला नगं.

पद्मजा : मग तुला काय हवे?

प्रगती : काय न्हाई.

भागूबाई : आगं, शाळेत जातीस का, तेवढं तरी सांग.

प्रगती : बाई, माज्या शेजारी कोन बसंल? नाटक सपल्यावर पन कुनी बसलं न्हाई.

पद्मजा : ठाऊक नाही, बाळ. खोटे सांगणार नाही. उद्या वर्गात आधी माझी चूक सांगेन. मग विचारीन.

प्रगती : समद्यांम्होरं?

पद्मजा : समद्यांम्होरं.

प्रगती : येते. पन मागं बसनार.

भागूबाई : बस कुठं बी. गुरुजी, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा.

गंगाधर : आज तो हात उचलत नाही, भागूबाई. दुरूनच म्हणतो. हिच्या शेजारी कोणीतरी येऊन बसो. आणि उठून जायला ज्यांना आम्हीच शिकवले, त्या लेकरांचेही कल्याण असो.